मनातला नकाशा कसा बांधायचा आणि कसा तपासायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीत भूगोल शिकवते. शाळेतली मुलं, त्यांचे आईवडील, तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणारे, एमपीएससीवाले असे सगळे मला प्रश्न पाठवतात. शब्द वेगळे असले तरी बरेच प्रश्न एकच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक मराठवाड्यातली आहेत. त्याचं कारण प्रश्न ३ मध्ये दिलं आहे.

१. मॅडम, मनातला नकाशा म्हणजे पाठ केलेला नकाशाच ना?

नाही. रात्री लाइट गेली तरी तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन काडेपेटी शोधता. ओटा कुठे, मांडणी कुठे, दारापासून किती पावलं, हे तुम्ही कधी पाठ केलेलं नसतं. कशाच्या शेजारी काय आहे आणि कुठून कुठे जाता येतं, ही नाती डोक्यात बसलेली असतात. हाच मनातला नकाशा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ साली ही कल्पना मांडली. भूलभुलैयात सोडलेले उंदीर डावं-उजवं एवढंच लक्षात ठेवत नव्हते. ओळखीची वाट बंद केली की ते अन्न असलेल्या दिशेकडे जाणारी दुसरी वाट धरायचे. माणसाचंही असंच आहे. ज्याने जिल्ह्यांची यादी पाठ केली आहे त्याला यादी म्हणता येते. ज्याच्या मनात नकाशा आहे त्याला न वाचलेल्या प्रश्नाचंही उत्तर काढता येतं.

२. फोनमध्ये नकाशा असतो. मग डोक्यात कशाला?

फोन वाट दाखवतो. पण ‘जायकवाडीतून पाणी सोडलं, गंगाखेडला सावध राहा’ ही बातमी ऐकल्यावर पाणी कुठून कुठे येणार हे कळायला डोक्यात गोदावरी असावी लागते. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये फोन नेता येत नाही.

३. सुरुवात जगापासून करू, भारतापासून की जिल्ह्यापासून?

उंबरठ्यापासून. ज्या जागा पायाखालच्या आहेत तिथली दिशा आणि अंतर तुम्हाला आधीच जाणवलेलं असतं, त्यावर पुढचं सगळं टांगता येतं. जग आधी घेतलं तर टांगायला खुंटीच नसते.

मराठवाड्याचा सांगाडा तीन रेघांचा आहे. वर अजिंठ्याचे डोंगर. खाली बालाघाट. दोन्हींच्या मधून पश्चिमेकडून पूर्वेकडे गोदावरी. वैजापूर-गंगापूरच्या बाजूने ती आपल्याकडे येते, पैठणला नाथसागरात (जायकवाडी धरणाच्या जलाशयात) थांबते, मग एका काठाला संभाजीनगर आणि जालना, दुसऱ्या काठाला बीड अशी हद्द आखत पुढे जाते, परभणी जिल्ह्यातून गंगाखेडवरून नांदेडला पोचते आणि धर्माबादच्या अंगाने तेलंगणात शिरते. काठावरची माणसं तिला नुसतं ‘गंगा’ म्हणतात.

या तीन रेघा कागदावर ओढा आणि त्यात आठ जिल्हे बसवा. छत्रपती संभाजीनगर आणि जालना वरच्या डाव्या कोपऱ्यात, हिंगोली वर उजवीकडे, नांदेड अगदी उजवीकडे, परभणी मध्यात, बीड नदीच्या खाली डावीकडे, लातूर आणि धाराशिव तळाला. पहिल्या दिवशी एवढं पुरे. तालुके, धरणं, लेण्या दुसऱ्या आठवड्यात.

४. शेजारी लक्षात राहत नाहीत. कुठल्या जिल्ह्याला कुठला जिल्हा लागून आहे यात दरवेळी गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर आपल्या घरच्या ट्रंकेत पडलेलं आहे. शेताचं जुनं खरेदीखत काढून वाचा. त्यात जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गट नंबर इतका. जमिनीचं चित्र काढायची गरज पडत नाही, चार बाजूंचे शेजारी सांगितले की जमीन जागेवर बसते. जिल्हा, राज्य, देश, सगळ्यांना हेच लावा.

परभणीची चतुःसीमा अशी. उत्तरेस हिंगोली आणि बुलढाणा, पूर्वेस नांदेड आणि हिंगोलीचा काही भाग, दक्षिणेस लातूर, पश्चिमेस बीड आणि जालना. तेलंगणाची अशी: उत्तरेस महाराष्ट्र, ईशान्येस छत्तीसगड, पूर्वेस आणि दक्षिणेस आंध्र प्रदेश, पश्चिमेस कर्नाटक. दोन्ही मोठ्याने म्हणा. खरेदीखताची चालच अशी आहे की ती जिभेवर बसते.

सातवीच्या वर्गाबरोबर मी हे पटांगणावर करते. कबड्डीचं मैदान आखायची फक्की घेऊन आधी गोदावरी ओढायची. सकाळची वेळ असते, उगवती कुठे ते मुलांनीच सांगायचं. मग आठ मुलं आठ जिल्हे होऊन उभी राहतात आणि ज्याची हद्द ज्याला लागते त्याचा हात धरायचा. संभाजीनगर झालेल्या मुलीचं काम सोपं, मराठवाड्यातले तिचे शेजारी दोनच: जालना आणि बीड. एका वर्षी परभणी झालेला मुलगा दोन्ही हात गुंतल्यावर रडकुंडीला आला, “मॅडम, हात पुरत नाहीत.” हिंगोली आणि नांदेडने त्याचे हात धरले होते, मग लातूरने त्याचा सदरा धरला, बीडने दप्तराचा पट्टा आणि जालन्याने कोपर. आपले पाच जिल्हे एकट्या परभणीला चिकटलेले आहेत हे त्या वर्गातलं एकही मूल विसरलं नाही. बीडलाही पाच आहेत: संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर, धाराशिव. मराठवाड्याला मध्य एक नाही, दोन आहेत, हे मलाही त्या मुलांचे अडकलेले हात बघताना नीट उमगलं.

तुमची वही असेल तर रोज एका जागेची चतुःसीमा लिहा. तपासायची कशी ते प्रश्न ९ मध्ये आहे.

५. नकाशात उत्तर वर असते, मग नदी वरून खाली म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते का?

हा घोळ आपल्या भाषेतून येतो, म्हणून त्याबद्दल लाज वाटून घेऊ नका. आपण म्हणतो, ‘वर नाशकात पाऊस झाला की खाली पैठणला पाणी येतं.’ यातलं ‘वर’ म्हणजे उंचावर, नदीच्या उगमाकडे. नकाशातलं ‘वर’ म्हणजे उत्तर. दोन वेगळी ‘वर’ एकमेकांत मिसळली की मुलं गोदावरी उभी काढतात.

प्रत्यक्षात नाशिकपासून नांदेडपर्यंत गोदावरी दक्षिणेला एक अंशसुद्धा सरकत नाही, पूर्वेला मात्र साडेतीन अंश जाते. म्हणजे ती जवळजवळ आडवी आहे. माझा उपाय साधा आहे. नकाशाबद्दल बोलताना वर-खाली हे शब्दच टाळायचे आणि उगवतीकडे, मावळतीकडे, उत्तरेला, दक्षिणेला असं म्हणायचं. (प्रश्न ३ मध्ये मी स्वतः ‘वर’ आणि ‘खाली’ वापरलं आहे, ते कागदावर रेघ कुठे ओढायची एवढ्यापुरतं.) फोनमधला नकाशा तुम्ही वळाल तसा फिरत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन उत्तर कायम वर ठेवा. फिरता नकाशा गाडी चालवायला सोयीचा असतो, पण त्याने दिशा मनात ठरत नाही.

६. मांजरा नदी नकाशात दरवेळी चुकते. ती जाते तरी कुठे?

मांजरा चुकली की मी मार्क कापत नाही, पुन्हा काढायला लावते, कारण ती नीट काढणाऱ्याला अर्धा मराठवाडा आला असं समजायचं.

उगम बालाघाटात, बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात. तिथून ती आग्नेयेकडे निघते. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे, लातूर शहर त्याच पाण्याकडे डोळे लावून असतं. पुढे लातूर जिल्हा ओलांडून कर्नाटकात बीदरकडे, तिथून तेलंगणात. इथपर्यंत सगळे बरोबर काढतात. यानंतर बहुतेक जण तिला सरळ बंगालच्या उपसागरापर्यंत ओढतात आणि चुकतात. तेलंगणात ती वळण घेऊन उत्तरेकडे परतते, सिंगूर आणि निजामसागर ही धरणं भरते, आणि नांदेड जिल्ह्याच्या हद्दीजवळ कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. एकूण लांबी सुमारे ७२४ किलोमीटर. म्हणजे बीडच्या डोंगरावर पडलेलं पाणी दोन राज्यं फिरून पुन्हा आपल्याच दारात येतं.

ती काढताना रेघ म्हणून काढू नका, विळा म्हणून काढा. मूठ पाटोद्याला, टोक कंदकुर्तीला.

आणखी एक गोष्ट याच प्रश्नाला जोडून. मराठवाड्यातलं सगळं पाणी गोदावरीत जात नाही. धाराशिव जिल्ह्यात तेरणा पूर्वेकडे जाऊन मांजरेला मिळते, पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम अंगाची सीना आणि नळदुर्गाची बोरी या भीमेकडे, म्हणजे शेवटी कृष्णेकडे जातात. स्पर्धा परीक्षेत यावर फसवणारा प्रश्न हमखास निघू शकतो.

७. पूर्णा नदी तापीला मिळते की गोदावरीला? दोन्ही उत्तरं वाचली आहेत.

दोन्ही बरोबर आहेत, कारण पूर्णा दोन आहेत. विदर्भातली पूर्णा पश्चिमेकडे जाऊन तापीला मिळते. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांवरून परभणी जिल्ह्यात येते आणि गोदावरीला मिळते. दुधना तिचीच उपनदी. त्याच नावाचं पूर्णा जंक्शन आपल्या पूर्णेजवळ आहे, तिथून अकोल्याचा फाटा निघतो. एकाच नावाच्या दोन जागा दिसल्या की दोन्हींची चतुःसीमा शेजारी शेजारी लिहा.

८. अक्षांश-रेखांश पाठ करायचे का? आकडे डोक्यात राहत नाहीत.

आकडे पाठ करू नका. दोरे बांधा. एकाच रेषेवर येणारी गावं एका दोऱ्यात ओवली की एक गाव आठवलं तरी बाकीची येतात. मी आडवे तीन आणि उभे दोन दोरे शिकवते.

पहिला आडवा दोरा साधारण १९ अंशावरचा: मुंबई, अहिल्यानगर, बीड, परभणी, नांदेड आणि पुढे थेट बस्तरमधलं जगदलपूर. नांदेड मुंबईच्या जवळपास सरळ रेषेत आहे हे ऐकून लोक थबकतात, कारण मनात नांदेड कुठेतरी खूप खाली किंवा खूप वर असतं. दुसरा दोरा २० अंशाच्या आसपासचा: नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जालना, माहूर, चंद्रपूर आणि समुद्रकाठी जगन्नाथपुरी. माहूर नांदेड जिल्ह्यात असूनही संभाजीनगरच्या रेषेत आहे, हे लक्षात ठेवा. तिसरा साडेअठराचा: पुणे, लातूर, करीमनगर.

आता उभे दोरे. ७५ अंश ४५ मिनिटांच्या आसपास जयपूर, उज्जैन, जालना, बीड, सोलापूर आणि केरळचं कोळिकोड. ७७ अंशांच्या थोडं पुढे दिल्ली, भोपाळ, नांदेड, बंगळुरू, कन्याकुमारी. नांदेड यात दोन दोऱ्यांच्या गाठीवर बसतं, म्हणून माझे विद्यार्थी रिकाम्या कागदावर आधी नांदेडचा ठिपका देतात.

अंतर काढायला एवढंच ठेवा: उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि आपल्या पट्ट्यात पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०५. परभणी आणि मुंबई यांच्यात जवळपास ३.९ अंशांचा फरक आहे, म्हणजे सरळ रेषेत ४१० किलोमीटरच्या आसपास. रस्ता आणि रेल्वे यापेक्षा लांब असणारच.

९. स्वतःची चाचणी नेमकी कशी घ्यायची? मी नकाशा बघतो तेव्हा सगळं येतं असं वाटतं.

बघताना सगळ्यांनाच येतं. नकाशा समोर असताना जे वाटतं ती ओळख असते, आठवण नसते. म्हणून पहिला नियम: नकाशा मिटल्याशिवाय चाचणी सुरू होत नाही.

मी कोऱ्या कागदापासून सुरू करते. बाजारात मिळतो तो हद्दी छापलेला कोरा नकाशा नको, साधा पाठकोरा कागद. दहा मिनिटं. आधी नद्या आणि डोंगर, मग गावं. सुंदर काढायचं नाही, जागेवर काढायचं. वेळ संपली की अ‍ॅटलास उघडा आणि लाल पेनाने दुरुस्ती करा. जुना कागद टाकू नका, त्यावर तारीख घाला. महिन्याने पहिला कागद आणि नवा कागद शेजारी ठेवला की किती सुधारलो ते दिसतं.

नंतर जोड्या. एकाने दोन गावं सांगायची, दुसऱ्याने तीन सेकंदांत दिशा. अंबाजोगाईहून लातूर? दक्षिणेला, थोडं पूर्वेकडे. जालन्याहून बीड? दक्षिणेला. हिंगोलीहून नांदेड? दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. विचार करायला वेळ दिला तर माणूस पाठांतरातून उत्तर शोधतो. तीन सेकंदांत आलं तर ते नकाशातून आलं.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडते. डोळे मिटून प्रवास सांगायचा. मनमाडहून गाडी निघाली: छत्रपती संभाजीनगर, जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड. हे बहुतेकांना येतं. आता उलट सांगा. आता सांगा, परभणीहून नांदेडला जाताना गोदावरी तुमच्या कोणत्या हाताला आहे? उजव्या. रेल्वे नदीच्या उत्तरेकडून जाते. परभणीहून परळीच्या गाडीत बसलात तर? तेव्हा गंगाखेडला ती पुलाखालून जाते. जो हातांचं उत्तर देतो त्याच्या मनात रूळ आणि नदी दोन्ही एका कागदावर आलेले असतात.

मार्क द्यायचेच असतील तर शेजारी बरोबर असेल त्याला दोन, दिशा बरोबर असेल त्याला एक, आकार सुबक असेल त्याला शून्य. चुकलेल्या जागा वेगळ्या वहीत लिहा. पुढची चाचणी त्या वहीतूनच सुरू करायची.

१०. एकदा आलं की पुन्हा किती दिवसांनी तपासायचं?

दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. जिथे चुकाल ती जागा पुन्हा पहिल्या दिवसावर आणा.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. प्रयोग उताऱ्यांचा होता, पण नकाशाच्या बाबतीतही मी वर्गात हेच बघत आले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री अ‍ॅटलास चाळणाऱ्याला पाच मिनिटांचा फायदा मिळतो.

११. मी दिशा बरोबर सांगितली असं मला ठाम वाटत होतं, तरी चूक निघाली. असं का होतं?

एक प्रश्न विचारते, लगेच उत्तर द्या. नागपूर हैदराबादच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला?

बहुतेक जण पश्चिमेला म्हणतात. महाराष्ट्र पश्चिमेला, तेलंगणा पूर्वेला, म्हणून महाराष्ट्रातलं नागपूरही पश्चिमेला, असं मन परस्पर ठरवतं. खरं तर नागपूर ७९.१ अंशांवर आहे आणि हैदराबाद ७८.५ वर. नागपूर पूर्वेला आहे, साठेक किलोमीटरने. कॉलेजात असताना मी हे पैज लावून चुकले होते.

मन गावाला त्याच्या डब्यात टाकतं आणि मग डब्याची दिशा गावाला लावतं. स्टीव्हन्स आणि कूप या संशोधकांनी १९७८ साली हे दाखवून दिलं. कॅलिफोर्निया पश्चिमेला, नेवाडा पूर्वेला, म्हणून कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो हे नेवाडातल्या रिनो शहराच्या पश्चिमेला असणार असं लोक म्हणत होते. आहे मात्र पूर्वेला.

आपल्याकडे जिल्हा हा असाच डबा आहे. अंबाजोगाई बीड जिल्ह्यात म्हणून मनात बीडजवळ, पण सरळ रेषेत लातूर चाळीसेक किलोमीटर आणि बीड सत्तरेक. किनवट नांदेड जिल्ह्यात, पण आदिलाबाद त्याला नांदेडपेक्षा तिप्पट जवळ. नांदेडहून हैदराबाद सरळ रेषेत साधारण २३० किलोमीटर, नागपूर २९०, आणि आपली राजधानी मुंबई ४६५. अशा जागांची वेगळी यादी करा. हद्दीजवळची प्रत्येक जागा संशयित समजा आणि प्रश्न ८ मधल्या दोऱ्याने तपासा.

१२. घरातले म्हातारे लोक लांबची गावं बरोबर सांगतात, पण आमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने. त्यांचा नकाशा जुना समजायचा का?

त्यांच्या नकाशाचं केंद्र वेगळं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. कोर्ट, कॉलेज, मोठा दवाखाना म्हटलं की पाय हैदराबादकडे वळायचे. त्या पिढीच्या मनात हैदराबाद जवळ आणि पुणे लांब. आजच्या मुलांच्या मनात उलट, कारण ताई-दादा पुण्याला राहतात. आपण जिथे जातो ते जवळ वाटतं.

आजी-आजोबांकडून एक कागद काढून घ्या. एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी काढलेल्या कागदात उदगीर मध्यभागी होतं, बीदरचा रस्ता जाड रेघेने, आणि मुंबई कागदाच्या कडेला एक बाण. प्रत्येक नाल्याची जागा मात्र बरोबर होती.

१३. नावं बदलली, जिल्हे वाढले. जुना अ‍ॅटलास चालेल का?

डोंगर-नद्यांसाठी चालेल. हद्दींसाठी नाही. जालना जिल्हा १९८१ साली झाला, लातूर १९८२ साली, हिंगोली १९९९ साली. तेलंगणा २०१४ चं, लडाख केंद्रशासित प्रदेश २०१९ चा. जगात दक्षिण सुदान २०११ चा. अ‍ॅटलास हातात घेतल्यावर आधी हे सहा तपासा, तो किती जुना आहे ते लगेच कळेल.

नावांचं म्हणाल तर नवं नाव लिहा आणि जुनं ओळखता यावं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुनी कागदपत्रं आणि जुन्या प्रश्नपत्रिका वाचायला दोन्ही नावं लागतातच.

१४. जगाचा नकाशा मोठा आहे. देशांचे आकार कसे डोक्यात बसवायचे?

आधी आपलं माप ठरवा. मराठवाडा सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर आहे, श्रीलंका ६५ हजार ६१०. म्हणजे पूर्ण श्रीलंका आपल्या आठ जिल्ह्यांएवढा. महाराष्ट्र तीन लाख सात हजार, इटली साधारण तेवढाच. भारत ३२ लाख ८७ हजार. हे तीन मोजमापाचे हात घेऊन जगभर फिरता येतं.

शाळेच्या भिंतीवरचा मर्केटर पद्धतीचा नकाशा ध्रुवांकडची जमीन फुगवतो. त्यात ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट दिसतं आणि आफ्रिकेच्या तोडीचं वाटतं. खरं क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारतापेक्षा कमी. आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. म्हणून आकार तपासायला पृथ्वीगोल घ्या, तो नसेल तर फोनवरचा गुगल अर्थ.

दोरे इथेही चालतात. संभाजीनगरचा आडवा दोरा पश्चिमेकडे ओढा: सुदानचं पोर्ट सुदान, पुढे मेक्सिको सिटी, दोन्ही त्याच्या आसपास. परभणीहून सरळ उत्तरेला गेलात तर कझाकस्तानचं अल्माटी. आणि एक चकवा: पेरूची राजधानी लिमा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असूनही अमेरिकेतल्या मायामीच्या पूर्वेला आहे. मन दोन्ही अमेरिका एकाखाली एक ठेवतं, त्यामुळे हे चुकतं.

देशांचे शेजारी मात्र चतुःसीमेनेच (प्रश्न ४).

१५. कुठलं ॲप वापरू?

सेटेरावर देश आणि राजधान्या ओळखायचे खेळ आहेत, वेग वाढवायला चांगले. अँकीमध्ये नकाशाचा भाग झाकून प्रश्नपत्त्या करता येतात आणि प्रश्न १० मधलं दिवसांचं गणित ते स्वतः ठेवतं. भारतासाठी इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ बघा. पण ॲप तुम्हाला चार पर्याय किंवा आखलेली हद्द देतं, कोरा कागद काहीच देत नाही. दोन दिवस ॲप, तिसऱ्या दिवशी कागद.

१६. मी डोळे मिटले की काहीच दिसत नाही. चित्रच येत नाही. माझ्या मनात नकाशा होणार नाही का?

होतो. काही लोकांना जन्मापासूनच मनात चित्र दिसत नाही, आणि तेही घर, गाव, रस्ते व्यवस्थित शोधतात. तुम्ही दिशा आणि शेजार शब्दांत धरा. चतुःसीमा हे शब्दच आहेत. डोळे मिटून प्रवासाची चाचणी घेताना दिसण्याची वाट बघू नका, ‘आता नदी उजव्या हाताला’ असं बोलत जा. ज्यांना नजरेची अडचण आहे त्यांच्यासाठी जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून नद्या आणि गव्हाचे दाणे चिकटवून गावं करा. बोट फिरवत नकाशा शिकता येतो, आणि डोळस मुलंही तो पुठ्ठा मागून घेतात.

१७. मुलगा दुसरीत आहे. घरात अ‍ॅटलास नाही, पृथ्वीगोल नाही. काय करू?

भाकरीचं पीठ मळायच्या आधी परातीत पसरा. त्याच्या बोटाने घर ते शाळा वाट काढायला सांगा. मारुतीचं देऊळ कुठे, हापसा कुठे, गिरणी कुठे, हरभऱ्याचे दाणे ठेवू द्या. उगवतीकडचा दाणा कोणता ते विचारा. मग परात अर्धी फिरवा आणि पुन्हा विचारा. पहिल्या दिवशी तो आधीचाच दाणा दाखवेल. तुम्ही काही बोलू नका, त्याला परात घेऊन दारात जाऊन सूर्याकडे बघू द्या. तो स्वतःच परात फिरवून जागेवर आणतो. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना हे दोन-तीन दिवसांत जमलं. मग हळद टाकून ओढा काढा, आणि शेवटी पीठ मळून घ्या.